सब्ज्याच्या कुंडीचे वाटेकरी

२८ एप्रिल

आज नळाचा दिवस. पहाटे उठून टाकी, पिंप, बादल्या, हाताला लागेल ते भरून ठेवलं. चार-पाच दिवसांआड येणारं हे गोडं पाणी आधी माणसांना, मग सब्ज्याला. मोगरा, जास्वंद, कोरफड बोअरच्या खाऱ्या पाण्यावर भागवतात. सब्जा नाही भागवत, पानं कडेनं करपायला लागतात.

पारा ४२ च्या वर गेलाय. गच्चीवरचा फरशीचा चटका तर वेगळाच. सब्ज्याला सकाळचं ऊन भरपूर लागतं, पण बारा ते चार मी दोरीवर एक विरलेली चादर टाकून सावली करतो. कुंडीत मातीवर शेंगांची टरफलं पसरलीत. ओल टिकते आणि सोलापुरात टरफलांना कधी तोटा नसतो. माती गावाकडची काळी. नुसती काळी कुंडीत घातली तर पाणी दिल्यावर चिखल आणि वाळल्यावर भेगा, म्हणून तिच्यात निम्मं शेणखत आणि बरीचशी वाळू मिसळलेली आहे.

१० मे

भाची सुट्टीला आली. मागच्या खेपेला तिनंच पुण्याहून रुंद पानांच्या बेझिलचं बी आणून दिलं होतं. आता सब्ज्याच्या शेजारच्या कुंडीत ते चांगलं फोफावलंय. आल्या आल्या बॅग खाली ठेवायच्या आधी ती गच्चीवर.

दोन्ही कुंड्यांतलं झाड शास्त्राच्या हिशेबानं एकच, ऑसिमम बॅसिलिकम. स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये हे नाव दिलं. फरक वाणाचा. हिचं पान मोठं, मऊ, वाटीसारखं फुगलेलं. आमच्या सब्ज्याचं लहान, आणि वास थोडा बडीशेपेकडे झुकणारा. अंगणातली तुळस मात्र खरोखर वेगळी जात. तिच्या तेलात युजेनॉल असतं, जे लवंगेतही असतं, म्हणून तिचं पान जिभेला झोंबतं. सब्जा म्हणून चिया विकणारेही बाजारात भेटतात. ते मेक्सिकोकडचं निराळंच झाड आहे, फक्त भिजल्यावर दोन्हींना बुळबुळीत कवच येतं एवढंच साम्य.

भाचीनं कात्री घेतली आणि रुंद पानाचे शेंडे सपासप उडवले. आई जिन्यातूनच ओरडली, "अगं, मुंडकं कापतीयेस काय त्याचं!"

मला गंमत वाटली. कारण हीच आई तुळशीच्या मंजिऱ्या स्वतः खुडते. तुळशीच्या डोक्यावर त्याचं ओझं होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. द्वादशीला आणि सांजवेळी तुळशीला हात लावू देणार नाही, पण मंजिरी सुकली की काढणारच. आणि नेमकं तेच तर इथं चाललंय. फुलोरा आला की झाड बी धरायच्या मागे लागतं, पानं बारीक आणि कडवट होतात. जोडपानाच्या जरा वर शेंडा खुडला तर त्या दोन पानांच्या बगलेतून दोन नवे फुटवे येतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग माझ्या सब्ज्याला हात लावू नका म्हणजे झालं. मला बी पायजे."

म्हणजे वाटणी झाली. रुंद पानाची कुंडी भाचीची, ती फुलू द्यायची नाही. एकदम बरोबर, कारण दोन्ही शेजारी शेजारी फुलल्या तर मधमाश्या परागांची अशी सरमिसळ करतील की पुढच्या बियांतून काय उगवेल सांगता येणार नाही.

तिसऱ्या वाटेकरी शेजारच्या अक्का. त्या गजऱ्यात मोगऱ्याबरोबर सब्ज्याची मंजिरी ओवतात. "दोनच देते का ओ?" म्हणत येतात आणि ओच्यात मूठभर घेऊन जातात. आई तोंडानं "घ्या की" म्हणते आणि मग संध्याकाळभर उरलेल्या मंजिऱ्या मोजत बसते.

१३ मे

आज खलबत्ता निघाला. भाचीला पेस्टो करायचा होता. तिकडे इटलीत, जेनोवाला, ही हिरवी चटणी संगमरवरी खलात कुटतात: बेझिल, लसूण, मीठ, पाइनचे दाणे, ऑलिव्हचं तेल, जुनं चीज. आमच्याकडे चीज नव्हतं आणि पाइनच्या दाण्यांचा प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, शेंगादाणे घाल की.

आणि मग तिनं ते भाचीच्या हातातून काढूनच घेतलं. शेंगाचटणीला जसं कुटतात तसं, आधी खमंग भाजलेले दाणे आणि लसूण, दाण्याला तेल सुटेपर्यंत, घाई न करता. पानं शेवटी, मिठाबरोबर. मिक्सरमध्ये पातं तापून पान काळं पडतं. खलात बरंच हिरवं राहिलं. वरून करडईचं तेल. पास्त्याला थोडंसंच लागलं, बाकीचं आम्ही कडक भाकरीबरोबर संपवलं. माझं मत विचाराल तर चीजची आठवणही आली नाही. भाचीचं मत वेगळं आहे.

उरलेल्या काड्या ती फ्रीजमध्ये ठेवायला निघाली होती, तिला थांबवलं. दहा अंशांखालची थंडी या पानाला सोसत नाही, काळे डाग पडतात. ओट्यावर पाण्याच्या पेल्यात ठेवलं तर उलट खालून मुळं फुटतात.

१२ जून

पहिले दोन पाऊस झाले. ढगाळ दमट हवेत रुंद पानावर तपकिरी ठिपके दिसायला लागले, म्हणून दाट फांद्या विरळ केल्या, म्हणजे वारा खेळेल. पेल्यातल्या मुळं फुटलेल्या काड्या वेगळ्या कुंडीत लावल्या. त्यातली एक अक्कांना, निदान आता मंजिरीचा त्यांचा स्वतःचा पुरवठा सुरू होईल. नाही, ती रुंद पानाची आहे, हे आईनं बरोबर हेरलं. "सब्ज्याची द्या त्यांना," म्हणाली. मग सब्ज्याची दिली.

आईच्या मंजिऱ्या बुडातून वर तपकिरी होत गेल्या होत्या. पाऊस लागायच्या आत तिनं सगळ्या खुडून तळहातावर चोळल्या, सुपात पाखडल्या, काळं बारीक बी डबीत भरलं. सरबताला पुरेल आणि पेरायलाही उरेल.

भाचीचा फोन होता. पुन्हा पेस्टो खावासा वाटतोय म्हणे, तिकडे बेझिल मिळतंय, करू का? कर म्हटलं, पण शेंगादाणे तिकडचे घेऊ नकोस, मी पाठवतो.