मारुती की मांजर

रात्रीचे साडेअकरा. हात दुखतायत, झोपायला पाहिजे खरं, पण लिहून ठेवते.

मे महिन्यात कुडाळला आजोळी गेलेले तेव्हा पहिल्यांदा पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्या बघितल्या. लाज वाटायची गोष्ट म्हणजे लहानपणापासून दर वर्षी पिंगुळीला जातो आम्ही, राऊळ महाराजांच्या मठात, पाया पडायचं आणि परत, पण तिथेच ठाकर लोकांकडे चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची), कळसूत्री बाहुल्या आणि या पडद्यावर सावली पाडून खेळवायच्या चामड्याच्या बाहुल्या पिढ्यानपिढ्या आहेत हे कुणी सांगितलंच नाही. तिथलेच हे खेळ करणारे कलाकार परशुराम गंगावणे, त्यांना 2021 ला पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात वाचलं, मग यंदा त्यांच्या ठाकर आदिवासी कला आंगणात गेले. गोठा होता म्हणे आधी, त्याचं म्युझियम केलंय.

तर ठाण्याला आल्यावर डोक्यात खूळ. चामडं कुठून आणू, म्हणून लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा मारुती कापला, तासभर बसून बारीक पेनाने डोळे, मुकुट, दागिने सगळं काढलं. दारात दोरी बांधून बाबांचं जुनं धोतर लावलं, मागून ट्यूबलाइट. काहीच नाही! नुसता राखाडी ढग. ट्यूब लांबलचक ना, उजेड सगळीकडून येतो, सावलीला कडाच येत नाही. मग ती बंद करून मोबाईलचा टॉर्च लावला, एका ठिपक्यातून येणारा उजेड, आणि एकदम कडक काळा आकार आला. पण माझे डोळे, मुकुट, दागिने? गायब. काळा गोळा.

आई बाहेरून, "गो, ह्यो मारुती काय माजर?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला (पडद्यावर नाही पडला ते सोडा). त्या बाहुल्यांना एवढी भोकं का असतात ते. मी ती नक्षी समजत होते, पण सावलीत पेनाची रेघ दिसतच नाही, भोकातून उजेड येतो तेवढंच दिसतं. आणि चामडं खरवडून पातळ केलेलं असतं म्हणून त्यातून रंगही येतो, माझ्या पुठ्ठ्यातून काय येणार, कप्पाळ. मग दाभण घेतलं आणि डोळा, बाजूबंद, मुकुटाची कड असं टोचत बसले, दोनदा बोटात घुसलं.

दुसरा त्रास हाताचा. मी बाहुली हवेत धरून नाचवत होते, मारुती थंडी वाजल्यासारखा थरथरत होता. धोतराला टेकवली तर गप्प उभा राहिला, कडाही स्वच्छ. खराट्याच्या काड्या लावल्यात, एक पाठीला एक हाताला, आणि दोन्ही हलवताना माझंच कोपर पडद्यावर येतंय. पाच मिनिटांत खांदे गेले. खेळ करणारी माणसं तासन् तास हे करतात, शिवाय गाणी आणि संवाद पण म्हणतात!

एक मात्र जमलं, चुकून. कंटाळून मारुती मागे टॉर्चजवळ नेला तर तो वाढत वाढत पार छतापर्यंत गेला, कडा धूसर झाल्या, आणि आई बाहेर "अगो!" म्हणून ओरडली. समुद्र ओलांडायच्या आधीचा मारुती, आयता. चार वेळा करून दाखवायला लावलं तिने.

शेपटी अजून गळूनच पडतेय, दोऱ्याची गाठ सैल आहे. मोबाईल 9 टक्के. आणि धोतर उद्या सकाळी काढून द्यायचंय, आईला त्यावर सांडगे घालायचेत.