गवतातली वाट

"कुंपण घालणार आहात का?" मक्याच्या कणसांची पिशवी हातात देताना शेजारच्या आजोबांनी हळूच विचारलं.

मी पटकन "हो" म्हणून गेले. कोटेशनसुद्धा आलं होतं.

"बरं," एवढंच म्हणाले आणि गवतावरून परत निघाले. तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यांच्या गॅरेजपासून आमच्या मेपलखालून थेट मागच्या घरापर्यंत, गवत दबून दबून एक बारीक पायवाट पडली आहे. त्यांची नातवंडं, आधीच्या मालकांची मुलं, सगळी इथूनच पळत मोठी झाली असणार.

कोलंबस, इंडियाना, अमेरिका. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीमुळे पुण्याहून आलेली मराठी घरं इथे बरीच. वास्तुरचनाकार एलिएल सारिनेनचं 1942 सालचं चर्च बघायला लोक लांबून येतात. आम्ही घर घेताना छप्पर, तळघर, शाळा, कर्जाचा दर, सगळं तपासलं. ही वाट कुठल्याच कागदावर नव्हती.

कोथरूडमध्ये आधी कंपाउंडची भिंत, मग घर. पण आजोळी परसदारानं शेजारी ताक आणायला जायचो, तिथे कुठे होती भिंत?

संध्याकाळी कणसं भाजली. तिखट, मीठ, लिंबू चोळून चार त्यांना देऊन आले, त्याच वाटेनं.

कोटेशन अजून फ्रिजवर लावलेलं आहे. तुम्ही काय केलं असतं?