गावाबाहेरचे शेजारी

नव्या वसाहतीत पहिलं घर घ्यायला सहसा कोणी धजावत नाही. मेलेल्यांचंही तसंच असतं, हे मला पॅरिसच्या पेर लाशेझ या कबरस्तानाची हकिकत वाचताना कळलं.

पॅरिसच्या पोटातल्या जुन्या दफनभूमी इतक्या ठासून भरल्या होत्या, की १७८० मध्ये एका दफनभूमीच्या दाबाने शेजारच्या तळघराची भिंत कोसळली आणि प्रेतं आत आली. मग मृतांना शहराबाहेर न्यायचं ठरलं. १८०४ मध्ये पूर्वेकडच्या टेकडीवर पेर लाशेझ सुरू झालं. झाडी, वळणाच्या वाटा, वरून दिसणारं शहर, सगळं होतं. यायला तेवढं कोणी तयार नव्हतं. एवढ्या लांब कोण तडफडत जाणार?

शेवटी शक्कल निघाली. १८१७ मध्ये नाटककार मोलिएर, कवी ला फोंतेन आणि मध्ययुगातली प्रेमिकांची जोडी आबेलार-एलोईज यांचे अवशेष तिथे हलवले. ती हाडं खरोखर त्यांचीच का, ही शंका आजही आहे. पण जाहिरातीपुरती ती अस्सल ठरली. असा शेजार मिळतोय म्हटल्यावर पॅरिसकरांना अंतर जाचेनासं झालं. पुढे संगीतकार शोपां आला. लेखक ऑस्कर वाइल्डला तर आधी दुसरीकडे पुरलं होतं, त्याला १९०९ मध्ये इथे आणलं. चाहत्यांनी लिपस्टिक लावून त्याच्या थडग्याचे इतके मुके घेतले की २०११ मध्ये भोवती काच उभारावी लागली.

लंडनने हा धडा बरोबर गिरवला. चर्चची आवारं तुडुंब भरलेली, त्यात कॉलरा. १८३३ ते १८४१ या काळात शहराच्या कडेला सात मोठी कबरस्तानं झाली, तीही खाजगी कंपन्यांची, भागधारक वगैरे असलेली. त्यातलं पहिलं केन्सल ग्रीन. १८४३ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाचा मुलगा, ड्यूक ऑफ ससेक्स, विंडसरचं राजघराण्याचं दफनस्थान सोडून इथे विसावला. कंपनीला आणखी काय हवं! मग कादंबरीकार थॅकरे आणि ट्रोलप, पूल-बोगदेवाला ब्रुनेल अशी मंडळी जमली. संगणकाची मूळ कल्पना मांडणारा चार्ल्स बॅबेजही तिथेच आहे. त्याचा मेंदू मात्र लंडनच्या दोन संग्रहालयांत अर्धा-अर्धा ठेवलाय.

माझं आवडतं प्रकरण ब्रुकवुड या कबरस्तानाचं. लंडनपासून जवळजवळ ४० किलोमीटर, म्हणून १८५४ पासून मढ्यांसाठी स्वतंत्र आगगाडी. तिलाही तीन वर्ग. पहिल्या वर्गाच्या शवपेटीला एक पौंड, तिसऱ्याला अडीच शिलिंग. नातेवाइकांना परतीचं तिकीट, पेटीला अर्थातच एकेरी. मेल्यावरही वर्ग सुटू नये, हे खास व्हिक्टोरियन डोकं! १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात लंडनचं स्थानक उद्ध्वस्त झालं आणि गाडी बंद पडली. इथल्या पारशी विभागात जमशेटजी टाटा आहेत. १९०४ मध्ये जर्मनीत वारले आणि इथे आणले गेले. मुलगा दोराबजीही याच विभागात.

लंडनच्या त्या सातांपैकीच एक हायगेट, तिथे मार्क्स. १८८३ मध्ये त्याला निरोप द्यायला जेमतेम दहा-बारा माणसं होती आणि कबर आडवाटेला होती. १९५४ मध्ये ती दर्शनी जागी हलवली, दोन वर्षांनी वर ब्राँझचं दांडगं डोकं बसवलं. आता ते पाहायला पैसे मोजून आत जावं लागतं. समोरच हर्बर्ट स्पेन्सर, म्हणजे सरकारने कशातही पडू नये म्हणणारा! हा शेजार काही कंपनीने जाहिरातीसाठी जुळवला नसावा.

राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले. इंग्लंडमध्ये तेव्हा दहनाची सोय नव्हती. तिथलं पहिलं अधिकृत दहन १८८५ सालचं. त्यांना एका बंगल्याच्या बागेत पुरलं होतं. द्वारकानाथ ठाकुरांनी, म्हणजे रवींद्रनाथांच्या आजोबांनी, १८४३ मध्ये त्यांना आर्नोस व्हेल या नव्या कबरस्तानात हलवून घेतलं आणि वर भारतीय घाटाची छत्री बांधवली. ब्रिस्टलला जाणारे भारतीय ती आवर्जून बघतात. तीनच वर्षांनी द्वारकानाथ लंडनमध्ये गेले. त्यांना केन्सल ग्रीनला जागा मिळाली, राजपुत्राच्या कबरस्तानात. छत्री बांधणारा मात्र त्यांना कोणी भेटला नाही.