तुम्ही विचारलंत म्हणून: श्रीनगरकडून की मनालीकडून?

बाईकवर लेहला जाऊन आलोय हे कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "श्रीनगरकडून जावं की मनालीकडून?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: "आम्ही दोघंच मित्र आहोत, चालेल ना?" लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, भाच्याच्या मित्राच्या फोनवर, सगळीकडे हेच दोन प्रश्न. दर वेळी घाईघाईत एका वाक्यात उत्तर देतो आणि समोरच्याला ते पटलेलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून एकदाच सविस्तर.

जाताना श्रीनगर, येताना मनाली. आणि हो, दोघं पुरेत.

यावर लगेच येणारा आक्षेपही ठरलेला आहे: "पण आता बोगद्यामुळे मनालीकडून पटकन होतं म्हणे." होतं ना. माझी तक्रार नेमकी त्या 'पटकन'बद्दलच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरचा बोगदा, आणि रोहतांगचा घाट टळला. त्याआधी रोहतांग अख्खा दिवस खायचा. चिखल, ट्रकांच्या रांगा, धुकं. माणूस संध्याकाळी केलाँग नाहीतर जिस्पाला पोचेपर्यंत इतका पिचलेला असायचा की आडवा व्हायचाच. म्हणजे तीन हजार मीटरवर एक मुक्काम सक्तीने घडायचा. आता सकाळी मनालीहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला जिस्पात असतो. बाहेर लख्ख ऊन, गाडी झकास चाललेली, मग कोण थांबतंय? "चल, सरचू गाठू." सरचू म्हणजे पुढचा तंबूंचा मुक्काम, जिस्पाच्याही हजारभर मीटर वर. इथेच घोळ होतो.

लोक खिंडींची उंची पाठ करून येतात. बारालाचा ४,८९०, लाचुंग ला पाच हजारांच्या वर, टांगलांग ला ५,३२८. खिंडीत तुम्ही पंधरा मिनिटं असता, फोटो काढता आणि उतरता. शरीर तेवढं खपवून घेतं. रात्री कुठे झोपलात, ते मात्र शरीर खपवून घेत नाही. हवेत ऑक्सिजन वरही एकवीस टक्केच असतो, पण हवेचा दाब घटत जातो. टांगलांग लावर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा उरतो. जागेपणी तुम्ही धापा टाकून ती तूट भरून काढता. झोपेत श्वास मंदावतो, मधेच काही सेकंद थांबतोसुद्धा, आणि रक्तातला ऑक्सिजन आणखी खाली जातो. म्हणून डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका.

आता या हिशेबाने दोन्ही रस्ते बघा. श्रीनगर सोळाशे मीटरवर. सोनमर्ग सत्तावीसशेच्या आसपास. झोजिला ३,५२८ मीटर, पण ती ओलांडून द्रासमार्गे कारगिलला उतरलात की पुन्हा सत्तावीसशेलाच झोपता. पुढे नमिका ला, मग फोतू ला ४,१०८, या रस्त्यावरची सगळ्यात उंच खिंड. तीही ओलांडून लामायुरूला किंवा थेट लेहला, म्हणजे साधारण साडेतीन हजारांवर. रस्ता तुम्हाला वर चढवतो आणि झोपायला खाली आणतो. मनालीकडून मनाली दोन हजार, जिस्पा बत्तीसशे आणि सरचू एकदम त्रेचाळीसशे. पुढचं पांग त्याहून वर, सेहेचाळीसशे. अंतर म्हणाल तर दोन्हीकडून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपासच.

हे आकडे कागदावर वाचून कुणी फारसं हलत नाही, म्हणून सरचूची एक रात्र सांगतो.

आम्ही लेहहून परत येत होतो. बऱ्यापैकी रुळलो होतो. तंबूत शिरताच मॅगीचा वास आला आणि भूक लागली, यावरूनच कळलं की तब्येत ठीक आहे. शेजारच्या गाद्यांवर चार पोरं होती, त्याच दिवशी सकाळी मनालीहून निघालेली. तिघं पत्ते घेऊन बसले होते, पण खेळ काही चालला नव्हता, नुसते धरून बसले होते. चौथा बूट-जॅकेटसकट रजईत. "थकलाय, झोपू द्या," ते म्हणाले. संध्याकाळपासून दोनदा उलटी झालेली, डोकं ठणकतंय, गोळी दिलीये.

माझा मित्र स्वभावाने आगाऊ आहे. त्याने त्या पोराला उठवून उभं केलं. तंबूच्या जमिनीवर दोन ताडपत्र्यांचा जोड होता, सरळ रेषेत. "यावरून चाल. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला टेकवत." पोरगा पहिलं पाऊल नीट टाकून उभा राहिला. दुसऱ्याला हात पसरले. तिसऱ्याला तो जो कलंडला तो सरळ मित्राच्या अंगावर. बाकीचे हसले, त्यांना वाटलं झोपेत आहे. मित्र हसला नाही. उंचीने डोकं दुखणं वेगळं आणि तोल जाणं वेगळं. तोल जायला लागला म्हणजे मेंदूला सूज येत असू शकते, आणि मग सकाळची वाट बघायची नसते. लगेच खाली उतरायचं.

पण सरचूहून खाली उतरायचं कुठे? नकाशा डोळ्यांसमोर आणा. मनालीच्या बाजूला बारालाचा, लेहच्या बाजूला नकी ला, लाचुंग ला आणि टांगलांग ला. सरचू आणि पांग हे या खिंडींच्या मधल्या वाडग्यात आहेत. कुठल्याही बाजूने उतरायचं तर आधी चढावं लागतं. जिस्पाचा भाग सुटल्यापासून टांगलांग ला ओलांडून उपशीच्या बाजूला उतरेपर्यंत झोपण्याजोगी कमी उंचीची जागाच नाही. मनालीच्या रस्त्याबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच. श्रीनगरच्या रस्त्यावर त्रास झाला तर खाली उतरायला वाट असते, मधे गावं असतात. इथे नसते.

तंबूवालीने ऑक्सिजनचा सिलिंडर काढला. एक टॅक्सीवाला सकाळी मनालीला जायचा होता. त्याने कुरकुर न करता रात्रीच गाडी काढली. सिलिंडर मांडीवर, एक मित्र शेजारी, असा तो पोरगा सहाशे मीटर वर चढून मग केलाँगच्या हॉस्पिटलकडे उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेंज आल्यावर फोन लावला तेव्हा तो पराठा खात होता. त्या तिघांनी त्याला झोपू दिलं असतं तर काय झालं असतं, यावर मी आणि मित्र आजही बोलत नाही.

आता दुसरा प्रश्न, दोघंच असण्याचा. उंची लागलेल्या माणसाला आपल्याला काय होतंय ते स्वतःला कळत नाही. ते शेजारच्याला कळतं, पण शेजारचा तुम्हाला नीट ओळखणारा हवा. पंधरा बाईकच्या ग्रुपमध्ये कोण गप्प झालंय याकडे कुणाचं लक्ष नसतं. माझा मित्र म्हणजे बोलण्याचं मशीन. कारगिलपर्यंत गाडी स्टँडला लावली की आधी तोंड सुटायचं, मग हेल्मेट. लामायुरूला त्याने हेल्मेट काढलं, हँडलला अडकवलं आणि हातातल्या किल्लीकडे बघत पायरीवर बसून राहिला. समोर पिवळ्या मातीचे ते चंद्रावरचे वाटावेत असे डोंगर, वर गोंपा म्हणजे बौद्ध मठ, आणि याच्याकडे बोलायला काही नाही! डोकं दुखतंय का विचारलं तर "नाही." जेवणाच्या वेळी पुन्हा विचारलं तर "थोडंसं." ताटातला भात तसाच. दुसऱ्या दिवशी आम्ही हललो नाही. दिवसभर पाणी आणि झोप. संध्याकाळी उठून त्याने मी वळणावर चुकीच्या गिअरमध्ये असतो यावर अर्धा तास भाषण दिलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून आमचा करार आहे: डोकं दुखतंय हे पहिल्यांदा विचारतानाच खरं सांगायचं, आणि एकाने "थांबू" म्हटलं तर दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. रस्त्यावरही तसंच. पुढच्याने आरशात मागच्याचा दिवा शोधत राहायचं. दोन वळणं दिसला नाही की थांबायचं. गाटा लूप्सवर याची मजा येते. तिथल्या एकवीस वळणांवर मागचा तुमच्या पायाखालच्या रस्त्यावर मुंगीएवढा दिसत असतो, आणि तरी तुमच्यापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागतो.

उंची गाडीलाही लागते. साध्या इंजिनची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे पाच हजारांवर निम्म्याच्या आसपासच उरते. माझी गाडी फ्युएल इंजेक्शनची. हवा विरळ झाली की ती पेट्रोल आपोआप कमी करते. मित्राची जुनी, कार्ब्युरेटरवाली. ती बिचारी हवा कमी झाली तरी पेट्रोल तेवढंच पीत राहते, मग काळा धूर, भकभक, आणि चढावर पहिला गिअर सुटत नाही. लेहच्या मेकॅनिकने पेट्रोल कमी सोडणारा छोटा जेट बसवून दिला तेव्हा कुठे टांगलांग लावर तिने मान टाकली नाही. जुनी गाडी नेऊ का असं विचारणाऱ्यांना मी न्या म्हणतो, फक्त सुटा जेट, क्लच वायर, ट्यूब आणि ते बदलता येणारे हात बरोबर असू द्या. पेट्रोलचं म्हणाल तर चंद्रा आणि भागा या नद्या जिथे मिळतात त्या टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' असा फलक प्रसिद्ध आहे. लेहकडून येताना कारूला टाकी गच्च भरायची आणि वर एक कॅन घ्यायचा. आणि सिम पोस्टपेड हवं. बाहेरचं प्रीपेड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही.

नाल्यांबद्दल भीती जास्त असते, काळजी कमी. पाणी बर्फाचं असतं, ऊन चढेल तसं ते वाढतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. म्हणून पहाटे निघायचं, एवढाच उपाय. पाण्यात पहिल्या गिअरवर, क्लचशी न खेळता, पलीकडच्या काठाकडे बघत जायचं. आमच्यात आधी एकजण चालत जाऊन गोटे बघून यायचा. कोण, यावर रोज भांडण. बुटात बर्फाचं पाणी घेऊन बारालाचा चढायची हौस दोघांपैकी कुणालाच नव्हती.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दलही विचारतात. आपल्या डॉक्टरला विचारून घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, ते सहन करा. गोळी शरीराला रुळायला मदत करते, पण एका दिवसात सरचू गाठायची परवानगी देत नाही.

आणि सुट्टी, ट्रेन, बुकिंग, जे काही असेल त्यापायी मनालीकडूनच जायची वेळ आली तर? जा, पण जिस्पाला दोन रात्री काढा. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघा, सरचूला चहा घ्या, पांगला जेवा, आणि दोन्हीकडे झोपू नका. टांगलांग ला ओलांडून खाली उपशी गाठा. दिवस लांब होतो, ढुंगणाचे हाल होतात, पण रात्र बरी जाते. वाटेत कुणाला बरं वाटेनासं झालं तर पांगला लष्कराचा तळ आहे. लाजू नका, जाऊन सांगा. लेहला पोचलात की दोन दिवस कुठेही जाऊ नका. खारदुंग ला पळून जात नाही. तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात ती ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर भरते. पण त्या पाटीपुढे फोटो काढायचा मोह आम्हालाही आवरला नाही.

हाच प्रश्न माझ्या मित्राला विचारलात तर तो क्षणाचाही विचार न करता "मनाली!" म्हणेल. त्याला मोरे मैदानाचं वेड आहे. सेहेचाळीसशे मीटरच्या वर चाळीसेक किलोमीटर सपाट पसरलेली ती जागा, कडेला कियांगांचा, म्हणजे रानगाढवांचा कळप, समोर सुरीने कापल्यासारखा सरळ रस्ता. तिथे त्याने गाडी बंद करून तासभर फतकल मारली होती, बिस्किटाचे दोन पुडे संपवले होते आणि मला एकही दिलं नव्हतं. मनालीहून येणारे, कपाळ दाबत त्याच मैदानातून जाणारे लोक आमच्याकडे असे बघत होते की आम्ही वेडे आहोत. रस्ता मनालीचाच देखणा आहे, याबद्दल आमचं दुमत नाही. तो बिस्किटं खात बघता यावा म्हणून मी तो परतीला ठेवायला सांगतो.