तालमीने घडवलेली शाळा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना मला गावच्या हौशी संगीत नाट्यमंडळाविषयीच लिहावेसे वाटते, कारण फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा आणि मंडळ ही कधी वेगळी नव्हतीच. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा गावकऱ्यांच्याच आधारावर चालत. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंवरची बंधने सैल झाली आणि शाळा, वाचनालये व नाट्यमंडळे यांना गावोगावी बळ मिळाले. देवळाच्या ज्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, दिवसा मुळाक्षरे गिरवली जात, तिथेच रात्री पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायची पेटी, उघडली जाई, आणि दोन्ही ठिकाणी शिकवणारे मास्तर बहुधा एकच असत.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून संगीत नाटकाचे वेड महाराष्ट्राइतकेच गोव्यालाही लागले. दीनानाथ मंगेशकर आमच्याच तालुक्यातल्या मंगेशीचे. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि त्यानंतर मोठ्या व्यावसायिक मंडळ्या एकेक करून थांबल्या. परंतु जत्रेतले नाटक थांबले नाही. ते करणारे शेतकरी, दुकानदार, कारकून आणि शिक्षक होते. नाटकावर त्यांचे पोट नव्हते, म्हणूनच ते टिकले, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या पिढीला तालमीची गोडी लावली ती किर्लोस्करांच्याच 'सौभद्र' या संगीत नाटकाने. प्रत्येकाला आपापली नक्कल मिळे, म्हणजे फक्त स्वतःची भाषणे आणि त्याआधीच्या पात्राचे शेवटचे दोन-तीन शब्द हाताने उतरवलेली वही. पदाशेजारी मास्तर तांबड्या शाईने पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या स्वराला षड्ज धरून गायचे ते, लिहीत, 'काळी चार' किंवा 'काळी एक', आणि वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटू लागला की तीच नोंद खोडून खालची पट्टी लिहीत, पण त्याचे पद कधी काढून घेत नसत. घरी आम्ही कोंकणी बोलणारी मुले. मराठी वाक्याचा डौल, कुठे श्वास घ्यायचा, साकी कशी म्हणायची आणि दिंडी कशी (ही दोन्ही नाट्यपदांची वृत्ते), हे आम्हांला व्याकरणाच्या तासापेक्षा तिथे अधिक नेमके कळले. पद रंगवताना शब्द गिळला तर मास्तर पायपेटीवरचे हात उचलत आणि सूर थांबला की गाणाऱ्याला आपली चूक आपोआप उमगे.

जत्रेच्या रात्री मंडळ म्हणजे सारा गावच असे. सुतार विंग उभ्या करी, शिंपी शेले आणि अंगरखे बेतून देई, आणि कलाकारांचे जेवण कोणत्या घरी, हे आधीच ठरलेले असे. पालखी देवळात आल्यावर, बहुधा मध्यरात्रीनंतर, नांदी सुरू होई आणि भैरवीपर्यंत उजाडत असे. मंडळातल्या स्त्रीभूमिका पूर्वी पुरुष करीत; पुढे शाळेतल्याच एका बाईंनी सुभद्रा उभी केली आणि त्यानंतर मुलींना तालमीला पाठवताना पालकांनी हात आखडता घेतला नाही. त्या बाईंचे गावावर मोठे उपकार आहेत. शाळेला नव्या खोल्या हव्या होत्या, तेव्हाही मंडळाने तिकीट लावून प्रयोग केला आणि आलेली रक्कम इमारत निधीला दिली.

मंगेशीचेच पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी १९६४ साली 'मत्स्यगंधा'ला संगीत दिले आणि हे नाटक दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले, याचा आम्हां सर्वांना फार अभिमान वाटे. ती पदे शिकण्यासाठी आम्ही रेडिओला कान लावून बसत असू. पुढे कला अकादमीच्या स्पर्धांमुळे गावोगावच्या हौशी मंडळांना परीक्षकांसमोर उभे राहण्याची संधी मिळाली आणि प्रयोग आटोपशीर झाले.

मंडळाच्या जुन्या नकला आज कपाटात जीर्ण होत आहेत. या महोत्सवी वर्षात शाळेने त्या ताब्यात घ्याव्यात, त्यांच्या प्रती काढाव्यात आणि संगीताच्या तासाला त्यांतली पदे शिकवावीत, अशी माझी व्यवस्थापक समितीला कळकळीची विनंती आहे. उतरवून काढण्याच्या कामाला मी स्वतः येईन.