बोलोन्याच्या चर्चमधला सूर्य

फ्लोरेन्सला सान्ता क्रोचे चर्चमध्ये गॅलिलिओची कबर बघितली तेव्हापासून डोकं तापलेलं होतं. माणूस गेला 1642 ला, पण पृथ्वी फिरते म्हणाला म्हणून त्याला आधी एका आडबाजूच्या छोट्या खोलीत पुरलं आणि धड स्मारक व्हायला थेट 1737 उजाडलं. तोच राग डोक्यात घेऊन ट्रेनने इटलीतल्याच बोलोन्याला आलो, सान पेत्रोनिओ चर्चमध्ये शिरलो आणि तिथे भलतंच प्रकरण निघालं.

आत डाव्या अंगाला फरशीत धातूची एक सरळ पट्टी बसवलीय, जवळजवळ 67 मीटर लांब. 1655 ला कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने आखलेली, म्हणजे शनीकडे गेलेल्या यानाला ज्याचं नाव दिलं तोच हा. वर साधारण 27 मीटरवर छताला एक बारीक भोक आहे, त्यातून ऊन येतं आणि खाली चक्क सूर्याची प्रतिमा पडते. सप्टेंबर संपत आला होता, घड्याळात एक वाजून गेला आणि परातीएवढा लंबगोल उजेड डोळ्यांदेखत सरकत सरकत पट्टीवर आला, बाजूचे लोक बोलायचे थांबले.

चर्चला हे हवं होतं ईस्टरसाठी, कारण ईस्टरची तारीख वसंतसंपातावरून, म्हणजे मार्चमधल्या समान दिवस-रात्रीच्या दिवसावरून ठरते, मग वर्षाची लांबी अचूक नको का? भरदुपारी उजेड पट्टीवर कुठे पडतो ते ऋतूनुसार सरकतं, त्यावरून ती मोजता येते. पण कॅसिनीने त्याच उजेडाची रुंदी वर्षभर मोजली, सूर्य लांब असला की प्रतिमा लहान, जवळ असला की मोठी, आणि हे अंतर किती बदलतं याच्या खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मांडलेल्या गणिताशी ती मापं जुळली! पृथ्वी फिरते की सूर्य, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं हे खरं, पण पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या ज्या केप्लरचं पुस्तक चर्चच्या बंदी यादीत होतं त्याचंच गणित चर्चच्या फरशीवर बरोबर ठरलं. तेव्हा बोलोन्यावर राज्य पोपचंच, गॅलिलिओला रोममध्ये गुडघ्यावर बसवून माघार घ्यायला लावली त्याला जेमतेम 22 वर्षं झालेली, आणि त्याचं पुस्तक तर पुढे 1835 पर्यंत यादीत राहिलं. मोजायला मुभा होती, त्या मापांचा अर्थ उघड बोलायला नव्हती, आणि मला हेच जास्त लागतं, कारण यांना आकाश कळत नव्हतं असं म्हणून सोडून देता येत नाही.

जाणार असाल तर स्वच्छ उन्हाचा दिवस बघा, जूनमध्ये सव्वा वाजता आणि डिसेंबरात सव्वाबाराच्या जरा आधी पट्टीपाशी उभे राहा.