नोंद सातवी: घुमण्याचा पत्ता लागला, दोषी पक्कड

माझ्या पीसीच्या फॅनचं वरखाली घुमणं 'सुटलं एकदाचं' असं मागच्या नोंदीत मी ठणकावून लिहिलं होतं. ते मागे घेतो. चार दिवस झाले नाहीत तोच रात्री अकराच्या सुमाराला पुन्हा तेच. घूं... घूं... घूं... गेम बंद, ब्राउझर बंद, प्रोसेसर ४४ अंशांवर निवांत, आणि कॅबिनेट आपलं रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं उसासे टाकतंय.

माझा सगळा संशय टीसीटीएलवर, म्हणजे प्रोसेसर स्वतःचं म्हणून सांगतो त्या तापमानावर होता, हे तुम्हाला माहीत आहेच. रायझन प्रोसेसरचं ते तापमान एक टॅब उघडला तरी टुणकन उडी मारतं, आणि कर्व्ह (तापमानावरून फॅनचा वेग ठरवणारा आलेख) बिचारा त्याच्यामागे धावतो. म्हणून आधी फॅनकंट्रोलच्या (लिनक्सवर फॅन चालवणारी स्क्रिप्ट) फाइलीत अ‍ॅव्हरेज ५ केलं, म्हणजे पाच वाचनांची सरासरी. मग कूलरकंट्रोल या दुसऱ्या प्रोग्रामवर आलो, हिस्टेरेसिस वाढवलं, म्हणजे तापमान थोडंसं हललं तर फॅनने दाद देऊ नये. शेवटी वैतागून कर्व्हच काढला आणि पुढच्या दोन्ही फॅनना फिक्स ६० टक्के देऊन टाकले. आलेख सरळ रेषेत, १०८० आरपीएम. घुमणं तसंच.

आता फॅनचा वेगच बदलत नसेल तर आवाज वरखाली होतो कशाने? बायोस मध्येच लुडबुड करतंय का म्हणून एनसीटी६७९८ या बोर्डावरच्या फॅन-चिपचं पीडब्ल्यूएम२_एनेबल (फॅनचा ताबा कोणाकडे ते सांगणारी फाइल) दर सेकंदाला वाचणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लावून बसलो. १ म्हणजे ताबा आपला, ५ म्हणजे चिपच्या स्वतःच्या स्मार्ट फॅन ४ या आपोआप मोडचा. रात्रभर १ च. (सस्पेंडमधून उठल्यावर ५ होण्याचा घोळ पाचव्या नोंदीत मिटला, तो मिटलेलाच आहे. तेवढं एक तरी.)

मग फॅनपुढचं धुळीचं फिल्टर काढलं. आम्ही मार्केट यार्डाच्या मागे राहतो. हळदीची आवक सुरू झाली की खिडकीच्या गजांपासून कीबोर्डपर्यंत सगळ्यावर बारीक पिवळी पूड बसते. फिल्टर नळाखाली धरलं तर मोरी पिवळी. आई म्हणाली, "फोडणीपुरती तरी निघाली असती की रे." लोड टाकल्यावरचं तापमान तीन अंशांनी उतरलं, ते पदरात पाडून घेतलं. घुमणं तसंच.

रविवारी मिरजेहून मामा आले. त्यांचं आयुष्य तंबोरे जुळवण्यात गेलंय. चहा घेता घेता थांबले, मान तिरकी केली.

"हे काय लावलंयस?"

"पीसीचा फॅन आहे मामा. तुम्हाला त्रास होत असेल तर बंद करतो."

"एक न्हवं रे, दोन वाजाय लागलेत. आन् त्यातला एक केसभर चढलाय." आणि प्रत्येक घूं ला बरोब्बर गुडघ्यावर बोट आपटून दाखवलं. "तारा जुळत आल्या की असंच डोलतं. पुरत्या जुळल्या की थांबतं."

मी बाजूची काच काढली. खालच्या फॅनच्या मधल्या गोल स्टिकरवर बोट टेकवून तो हळूच थांबवला. डोलणं गायब, नुसता सरळ वारा. सोडला, परत डोलणं. मग वरचा थांबवला. तेच.

मग आलेखात एकच सरळ रेघ का? इथे पहिली नोंद आठवा. तेव्हाच्या स्वस्त स्प्लिटरमध्ये (एका जोडणीवर दोन फॅन लावायची दुफाटी वायर) दोन्ही फॅनच्या टॅकच्या, म्हणजे वेग कळवणाऱ्या तारा एकत्र होत्या, आणि आरपीएमचे आकडे काहीच्या काही येत होते. म्हणून मीच पक्कड घेऊन एका फांदीची तिसऱ्या पिनची तार कापली, आणि वर फोटोही टाकला. म्हणजे इतके महिने बोर्डाला वरचाच फॅन दिसत होता. खालचा काय करतोय हे मी स्वतःच्या हाताने झाकून ठेवलं होतं.

खालचा फॅन वेगळ्या हेडरवर (बोर्डावरच्या फॅनच्या जोडणीवर) न्यायला चार पिनांची एक्स्टेन्शन हवी होती. गावातल्या दुकानात मागितली तर मोलेक्सचा (थेट पॉवर सप्लायला जोडायचा) अडॅप्टर काढून दिला: "ह्याच्यावर पण फिरतोय की." फिरतो हो, फुल स्पीडने, जन्मभर. दुसऱ्या दुकानात आरजीबी पट्टी गळ्यात मारत होते. शेवटी ऑनलाइन मागवली. फॅनच्या बाबतीत मी आता दुकानाच्या पायऱ्या चढत नाही.

एक्स्टेन्शन आली, सेन्सर्स ही वेग दाखवणारी कमांड चालवली. वरचा १०८०, खालचा १०८६. दोन्हींना तोच ६० टक्के. सहा आरपीएमचा फरक, आणि प्रत्येकाला पाती पाच. घुमणं म्हणजे दोघांच्या पात्यांच्या फटक्यांतला फरक. सहा पंचे तीस, म्हणजे मिनिटाला ३० वेळा घुमायला हवं. स्टॉपवॉच लावून, डोळे मिटून मोजलं. २९ भरले. एक हुकला असेल. उठलो, वाटीभर भडंग घेतलं आणि पुन्हा मोजलं. ३०!

आता मामांच्या पद्धतीने जुळवायचं ठरवलं. कूलरकंट्रोलमध्ये टक्क्यांत काम चालतं, माझ्या १८०० च्या फॅनला एक टक्का म्हणजे १८ आरपीएम. म्हणून त्याचा डेमन (मागे चालत राहणारा भाग) थांबवून थेट पीडब्ल्यूएमच्या फाइलीत आकडा टाकला. तिथे ० ते २५५, म्हणजे एका पायरीला सात. खालचा १५३ वरून १५२ वर आणला, १०७९ झाला. फरक एक. आता बारा सेकंदांनी एकदा घुमायला लागलं. हे जास्त वाईट, कारण पुढच्याची वाट बघत बसतो माणूस. दुपारी खोली तापली आणि तेही जुळेना. तंबोऱ्याला मणी असतो सरकवायला, इथे सातच्या पायऱ्या. नाद सोडला.

मग उलटं केलं, दोघांचे वेग मुद्दाम फोडायचे. ४० आरपीएमचा फरक ठेवला तर लांबून ट्रॅक्टर यावा तसं. १०० ला थरथर, दातात कळ यावी तशी. २६० वर गेलो तेव्हा दोन आवाज एकमेकांना विसरले. खालचा १२२० (ग्राफिक्स कार्डाच्या तोंडासमोर आहे, त्याला जास्त मिळालं तर बरंच), वरचा ९६०. दोघांना दोन वेगळे कर्व्ह (कूलरकंट्रोलमधले ग्राफ प्रोफाइल) केले, खालच्याला प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांतलं मोठं तापमान लावलं.

इथेच नोंद संपणार होती. पण वरचा सहा पंचे तीसचा हिशोब टाइप करताना डोक्यात आलं, पातीच वेगळी असली तर? ड्रॉवरमध्ये जुन्या कॅबिनेटचा तीन पिनांचा फॅन पडलाय, सात पात्यांचा. १०८० वरच पाच पाती सेकंदाला ९० फटके देतात, सात पाती १२६. डोलायला जवळपासचं काही उरतच नाही.

नोंद अर्धी टाकून उठलो, खालच्या जागी तो बसवला. आधी बोंबलला, तीन पिनवाल्याला पीडब्ल्यूएम, म्हणजे चौथ्या पिनवरून येणारा वेगाचा हुकूम, कळतच नाही. त्या हेडरचा मोड १ चा ० केला, म्हणजे डीसी, व्होल्टेजवर चालणारा, तेव्हा नरमला. दोन्ही १०८० वर आणले. घुमणं नाही. अर्धा तास बसलोय, नाही.

भानगड एवढीच की हा पठ्ठ्या पीडब्ल्यूएमच्या फाइलीतला आकडा ९० च्या खाली गेला की थांबतो आणि एकदा थांबला की १२० शिवाय उठत नाही. मिनस्टार्ट आणि मिनस्टॉप असे दोन वेगळे आकडे, फॅनकंट्रोलच्या फाइलीत यांना जागा आहे. म्हणजे परत फॅनकंट्रोल? नवी एनव्हीएमई डिस्क लावली आणि फॅन-चिपच्या फोल्डरचा क्रमांक बदलून एचडब्ल्यूमॉन२ चं ३ झालं म्हणून रुसून बसलेला तोच? बहुतेक हो, फक्त या एका फॅनपुरता, आणि कूलरकंट्रोलमध्ये हे हेडर बंद. दोघे एकाच फाइलीत लिहायला लागले तर काय होतं ते चौथ्या नोंदीत बघून झालंय.

फॅनकंट्रोलची फाइल बनवणारं पीडब्ल्यूएमकॉन्फिग आत्ता चालू आहे, एकेक फॅन थांबवून बघतोय. मामा पुढच्या रविवारी येणार आहेत. तोवर स्प्लिटर कचऱ्यात, आणि पक्कड आईने तिच्या ताब्यात घेतलीय.